ढाळज हरवलेल्या घरांचे दार

मराठवाड्यात एखादे गाव केवढे आहे हे सांगताना जुनी माणसे डोकी मोजत नसत, उंबरे मोजत. ‘दीडशे उंबऱ्यांचं गाव हाय’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळा अंदाज यायचा. किती विहिरी असतील, किती बैलजोड्या असतील, लग्नाला किती पत्रावळी लागतील, हे त्या एका आकड्यावरून कळायचे. दाराच्या चौकटीतले खालचे आडवे लाकूड म्हणजे उंबरा. त्याचे नाते उंबराच्या झाडाशी सांगतात. त्या एका लाकडावर आपण अख्खे घर मोजत आलो. कामासाठी खेटे घालणारा ‘उंबरे झिजवतो’, नवी नवरी माप ओलांडून आत येते, आणि भांडण विकोपाला गेले की ‘पुन्हा तुझा उंबरा चढणार नाही’ असे म्हणून माणूस पाठ फिरवतो. आमच्या घरच्या दखनीत त्याला चौखट म्हणतात. धमकी मात्र तीच.

आज त्या उंबऱ्याच्या आतल्या जागेबद्दल बोलायचे आहे. दार उघडले आणि माणूस आत आला, पण अजून घरात आला नाही, अशी ती जागा. लातूर आणि नांदेडच्या नव्या वसाहतींत आता दोन-तीन पातळ्यांची घरे दिसू लागली आहेत. वीस बाय तीसचा नाही तर तीस बाय चाळीसचा प्लॉट. खाली गाडी लावायची, म्हणून बैठकीची खोली तीन-चार फूट उचललेली, आणि झोपायच्या खोल्या आणखी अर्ध्या मजल्यावर. दार उघडले की एक छोटा चौथरा लागतो. तिथून काही पायऱ्या वर जातात, काही खाली. बांधकामवाले त्याला ‘स्प्लिट लेव्हल’ म्हणतात. अमेरिकेच्या उपनगरांत १९५० नंतरच्या काळात अशा घरांची मोठी लाट आली होती. तिथल्या लोकांपुढे तेव्हा जो प्रश्न होता, तोच आता आपल्या लोकांपुढे आहे. दारातल्या त्या अडनिड्या जागेचे करायचे काय? ती सजवायची कशी?

हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. पण आपली जुनी घरे सपाट कधीच नव्हती.

वर-खाली असलेले जुने घर

मराठवाड्यातला जुना वाडा आठवून पाहा. गल्लीतून दोन-तीन दगडी पायऱ्या चढायच्या. समोर जाड फळ्यांचे दार. मोठ्या दारात एक छोटे दार, ती दिंडी. तिच्यातून वाकूनच आत जावे लागे. आत गेल्यावर छपराखालचा एक बोळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसता येईल असे उंच ओटे. ही ढाळज. बोळाची जमीन खाली, माणसे बसायची जागा वर. ढाळज ओलांडली की उघडे अंगण. अंगण पुन्हा खालच्या पातळीवर. त्याच्या पलीकडे जोत्यावर चढवलेली ओसरी, तिच्या मागे माजघर, आणि कोपऱ्यातल्या जिन्याने वर गेले की माळवद. रस्त्यावरून स्वयंपाकघरात जाईपर्यंत माणूस तीनदा चढायचा आणि एकदा-दोनदा उतरायचा.

हे सारे उगाच केलेले नव्हते. आपल्याकडे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा आणि जोते उंच बांधायचे. पावसाचे पाणी, विंचू-साप आणि गुरांचे शेण-मूत हे सगळे खालच्या पातळीवर राहावे, दाणे आणि माणसे वरच्या, असा हिशेब होता. ढाळजेच्या बोळातून बैल जात, धान्याची पोती जात. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर म्हातारी माणसे बसत, पाहुणे टेकत, हिशेबाच्या वह्या उघडल्या जात, पंचमंडळी जमत. रात्री घरातले पुरुष तिथेच झोपत. ओट्याची उंची अशी की टेकायला वाकावे लागू नये आणि पाय जमिनीला टेकावेत.

ढाळजेचे आणखी एक काम होते. बऱ्याच वाड्यांत दारासमोर सरळ ओसरी येत नसे. मध्ये एक आडभिंत असे किंवा बोळ थोडा वळलेला असे. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर थेट चुलीपर्यंत पोहोचू नये, ही सोय. मुसलमान घरांत ही काळजी जास्त. दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी मागावी आणि सलाम करावा, ही शिकवण कुराणात आहे. दार वाजवणाऱ्याने दाराच्या समोर न थांबता बाजूला उभे राहावे, हा अदब आम्हाला लहानपणी शिकवला गेला. पण ही काही एका धर्माची मक्तेदारी नाही. चीनमध्ये जुन्या घरांच्या दाराआड अशीच एक स्वतंत्र भिंत उभी करत. जपानी घरात दारातून आत गेल्यावर आधी खालच्या पातळीवरची छोटी जागा लागते. तिला गेन्कान म्हणतात. तिथे जोडे काढायचे आणि एक पायरी चढून मगच घरात यायचे.

फारसीत दहलीज म्हणजे बाहेरचे दार आणि घर यांच्या मधली जागा. उर्दूत येता येता तिचा अर्थ उंबरठा असा झाला. आपली ढाळज आणि ती दहलीज, दोघींची नावे कानाला सख्ख्या बहिणींसारखी लागतात. आणि दोघींचे काम एकच, बाहेरून येणाऱ्याला थोडा वेळ देणे.

देवाच्या दारीही हीच रीत दिसते. निलंग्याचे नीलकंठेश्वर किंवा देगलूरजवळच्या होट्टलचे सिद्धेश्वर ही चालुक्यकालीन देवळे पाहा. त्यांच्या दाराच्या चौकटींवर कोरीव पट्ट्यांच्या ओळी आहेत. सगळ्यात जास्त कलाकुसर दारावरच. औंढा नागनाथला तर गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतला. तिथे डोके झाकून, पाय धुऊन मगच आत जायचे. दर्ग्यात माणूस चौखटीला हात लावून तो कपाळाला लावतो. पातळी बदलली की माणसाची चाल बदलते. चाल बदलली की मन जागे होते. घर बांधणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते.

माळवद कोसळले तेव्हा

एवढे वाचून कुणाला वाटेल की जुने ते सोने. तसे म्हणण्याची सोय लातूर जिल्ह्यात राहणाऱ्याला नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही सेकंदांत भुईसपाट झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. काही नोंदी त्याहून मोठा आकडा सांगतात. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. इथे ती मेली ती घरांमुळे.

भिंती दगडाच्या, दोन ते चार फूट रुंद, पण दगड मातीत बसवलेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला सांधणारे आडवे लांब दगड घातलेलेच नसत. हादरा बसला तसे दोन्ही थर सुटले आणि ढासळले. वर माळवद. लाकडी तुळयांवर सऱ्या, सऱ्यांवर किलचण, आणि त्यावर एक-दोन फूट माती. कुठे त्याहूनही जास्त, कारण गळती थांबावी म्हणून वरचेवर नवी माती टाकली जाई. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारी ती मातीच अंगावर आली. पुष्कळ घरांत लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. भिंती नव्हत्या, नुसत्या चौकटी उभ्या होत्या. ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांना पुढे कितीतरी वर्षे दगडी भिंतीची भीती वाटत राहिली. पक्के घर असूनही माणसे पत्र्याच्या शेडमध्ये झोपत.

१९९४ पासून सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. बावन्न गावे जुन्या जागेवरून हलवून नव्याने वसवली गेली. काही लातूर जिल्ह्यातली, काही आताच्या धाराशिव जिल्ह्यातली. ज्याच्याकडे जमीन जास्त त्याला घर मोठे, असा हिशेब. २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, प्रत्येक घर सुटे. घरे मजबूत झाली, ही मोठीच गोष्ट. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण त्या घरांना ढाळज नव्हती. दार उघडले की थेट खोली. रस्त्यावरून जाणाऱ्याला खाटेवर पडलेली म्हातारी दिसे, भाकरी थापणारी सून दिसे. आलेल्या माणसाला बसवायचे कुठे हा प्रश्न, आणि बाईमाणसाने बसायचे कुठे हाही प्रश्न. मग लोकांनी आपापल्या परीने घराला दार लावायला सुरुवात केली. दार म्हणजे लाकडाची फळी नव्हे, दारातली जागा. कुणी पुढे पत्र्याचा सोपा काढला, कुणी कट्टा बांधला, कुणी आवारभिंत घालून तिला दरवाजा बसवला. घराभोवती अंगण, अंगणाभोवती भिंत, आणि भिंतीला लागून बसायची जागा. नकाशात नसलेली गोष्ट माणसांनी आपल्या हाताने परत आणली. ज्यांनी सर्वस्व गमावले होते, त्यांनीही दोन पैसे हाती आल्यावर आधी दाराशी ओटा घातला. त्या जागेची गरज किती खोल असते, हे मला त्या गावांतून फिरताना कळले.

ढाळजेत कुणाला किती आत

ढाळजेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पातळ्या होत्या म्हणजे पायऱ्या होत्या, आणि पायरी ओळखून वागावे असे आपल्याकडे माणसालाच सांगितले जाई. ओट्यावर कुणी बसायचे, बोळात खाली कुणी बसायचे, आणि दिंडीच्या बाहेर उन्हात कुणी उभे राहायचे, हे ठरलेले असे. गावाची साफसफाई करणारा, मेलेले जनावर ओढणारा कधी ढाळजेच्या सावलीतही येऊ शकला नाही. घरातल्या लेकीसुना दिवसाउजेडी ढाळजेत दिसत नसत. त्यांची ये-जा मागच्या दाराने. ज्या जागेत गावाचे निर्णय होत, तिथे गावातली निम्मी माणसे आणि खालच्या मानलेल्या आळ्या नसत.

आमच्या लहानपणी ओळखीच्या वाड्यात ढाळजेतल्या देवळीत एक कान तुटलेली कपबशी उपडी ठेवलेली असायची. अब्बा गेले की त्यांना तीत चहा मिळे. माया खरी होती, सुख-दुःखाला ती माणसे धावून येत, ईदला शीरखुर्मा खायला घरी येत. आणि कपबशीही खरी होती. दोन्ही एकाच ढाळजेत नांदत.

आता ढाळज गेली, पण पायरी गेली असे नाही. नोकरीच्या निमित्ताने एका शहरात मी भाड्याचे घर शोधत होतो. एका घरमालकांनी बोलणे छान केले. कवितेवरही बोलले. भाडे ठरले. मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर त्यांनी आतून कुलपाची किल्ली आणायला गेलेल्या मुलाला परत बोलावले आणि म्हणाले, “आमचं अजून नक्की नाही हो.” मी तेव्हा त्यांच्या तिसऱ्या पायरीवर उभा होतो. पुढच्या दोन राहिल्या. असा अनुभव केवळ माझ्याच नावाच्या माणसाला येतो असे नाही. आडनाव ऐकून, काय खाता हे विचारून, लग्न झाले नाही म्हणून, कितीतरी माणसे आजही तिसऱ्या पायरीवरून परत फिरतात.

म्हणून दार सजवणे ही मला निव्वळ शोभेची गोष्ट वाटत नाही. आपण तिथे काय लावतो, कुठे उजेड पाडतो, बसायला काय ठेवतो, यावरून येणाऱ्याला कळते की त्याचे इथे काय स्थान आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे

दार उघडल्यावर चौथरा आणि वर-खाली जाणाऱ्या पायऱ्या, असे घर असलेल्यांसाठी काही गोष्टी सांगतो. यातल्या काही गवंडी आणि सुतारकाम करणाऱ्यांशी बोलून कळल्या आहेत, काही घरे पाहून.

पहिली गोष्ट पायरीची. पायरीची उंची सहा ते सात इंच आणि रुंदी दहा-अकरा इंच असली की म्हाताऱ्या माणसाचा गुडघा तक्रार करत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार घरातल्या पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि रुंदी २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावी. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या हव्यात. एखादी पायरी अर्धा इंच कमी-जास्त झाली की पाय तिथेच अडखळतो. चकचकीत ग्रॅनाइटचा मोह दारात तरी टाळावा. पावसाळ्यात ओल्या चपलांनी आलेला माणूस त्यावर घसरतो. आपल्या भागात मिळणारी शहाबादी किंवा तांदूरची फरशी, थोडी खडबडीत ठेवून, पायऱ्यांना चांगली. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी दिली तर कमी दिसणाऱ्याला कड कळते आणि शोभाही येते. पूर्वी सारवलेल्या पायरीला पांढऱ्या मातीची किंवा चुन्याची कड काढत. तिचा उपयोग तोच होता.

दुसरी उजेडाची. छताला एकच मोठा दिवा लावला की उतरणाऱ्याची स्वतःची सावली पुढच्या पायरीवर पडते आणि नेमकी तीच पायरी दिसत नाही. त्यापेक्षा भिंतीत घोट्याच्या वर छोटे दिवे द्यावेत. जुन्या घरात देवळीतला दिवा हेच करत असे. तो भिंतीतून, बाजूने उजेड देई.

तिसरी गोष्ट भिंतीची, आणि ही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशा घरात चौथऱ्यालगतची भिंत बारा-चौदा फूट सरळ वर जाते. लोक चौथऱ्यावर उभे राहून डोळ्यांच्या उंचीवर तसबीर लावतात. पण वरच्या पातळीवर उभे राहिले की तीच तसबीर पायांच्या उंचीला येते. आमच्यात आयत लिहिलेली चौकट पायांच्या पातळीवर असणे बेअदबी मानतात. गणपतीचे चित्र असो, बुद्धाचे असो, बाबासाहेबांचे असो किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचे छायाचित्र असो, कुणालाच ते आवडणार नाही. म्हणून अशा वस्तूंची उंची वरच्या जमिनीपासून मोजावी, दारापासून नव्हे. आणि त्या उंच भिंतीवर दहा छोट्या चौकटी टांगण्यापेक्षा एकच मोठी गोष्ट चांगली दिसते. आईने शिवलेली वाकळ, एखादी जुनी घोंगडी किंवा हिमरूचा तुकडा लावून पाहा. लुगड्याच्या तुकड्यांची वाकळ दुकानातल्या कोणत्याही चित्रापेक्षा येणाऱ्याशी जास्त बोलते. कोनाडा असेल तर शेजारच्या बिदरची एखादी बिदरी सुरई ठेवावी. काळ्यावर चांदी, बाजूच्या दिव्यात फार सुंदर दिसते.

चौथी गोष्ट दाराच्या फळीची. दार आत उघडते आणि चौथरा लहान असतो. त्यामुळे दारामागे चपलांचे कपाट ठेवले की दार अर्धेच उघडते. चपला खालच्या पायऱ्यांच्या बाजूला, बसता येईल अशा कमी उंचीच्या पेटीत ठेवाव्यात. पायपुसणे पायरीच्या कडेवर टाकू नये, ते घसरते. फरशी बसवतानाच तेवढी खाच ठेवली तर ते जमिनीत बसते. पायऱ्यांच्या समोर आरसा लावू नये. उतरणारा स्वतःकडे पाहतो आणि पायरी चुकतो.

रांगोळीचे काय? बाहेर जागा नसेल तर चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात, पाय पडणार नाही अशा ठिकाणी छोटी रांगोळी काढावी. महालक्ष्म्यांच्या सणात गौरीची पावले दारापासून आत काढतात. पातळ्या असलेल्या घरात ती पावले पायरीपायरीने चढताना दिसतात. सपाट घरात ते सुख नाही. तोरण आंब्याच्या पानांचे असो की आमच्याकडे लग्नात लावतात तसे झेंडूच्या माळांचे, चौकटीवर खिळे न ठोकता दोन छोट्या कड्या कायमच्या बसवून घ्याव्यात.

आणि एक गोष्ट लातूर-नांदेडच्या माणसाने विसरू नये. दार ही बाहेर पडायचीही वाट आहे. २०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. ते नांदेडपर्यंत जाणवले. पायऱ्यांच्या वर जड फळी, दगडी मूर्ती, कुंड्यांची रांग असे काही ठेवू नये. जड चौकट असेल तर ती भिंतीत पक्क्या स्क्रूने बसवावी. रात्री अंधारात घाईने उतरावे लागले तर वाटेत काही अडणार नाही, इतके मोकळे ठेवावे. घरात म्हातारे माणूस किंवा चाकाची खुर्ची असेल तर दुसऱ्या बाजूने उताराची वाट काढता येते का पाहावे. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. जागा कमी असेल तर निदान एक मजबूत कठडा तरी हवाच.

पाण्याचा पिंप आणि रस्त्याची उंची

जुन्या वस्त्यांत आणखी एक प्रकार झाला आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी जुना थर न खरडता नवा थर टाकतात. नांदेडच्या इतवाऱ्यासारख्या किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपासच्या जुन्या गल्ल्यांतून चालताना पाहा. ज्या घरांत कधीकाळी दोन पायऱ्या चढून जावे लागे, त्यांतल्या काही घरांत आता एक पायरी उतरावी लागते. घरमालकाने काही न करता त्याचे घर वर-खाली झाले. अशांनी दाराबाहेर विटांची छोटी आडकाठी घालून पावसाचे पाणी अडवले आहे. त्यांच्यासाठी दाराची सजावट म्हणजे आधी पाण्याची वाट. दारापुढे जाळीची नाली, उंबरा चार इंच उंच, आणि आतल्या फरशीला बाहेरच्या बाजूला उतार.

आणि पाणी नसण्याचाही एक काळ असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे देशाने पाहिले. त्या दिवसांत लातूरच्या दारादारांत निळे पिंप होते. टँकरची नळी पोहोचेल तिथेच पाणी भरता येई, त्यामुळे दारातली जागा पाण्याची झाली. तोरणाच्या खाली पिंप, पिंपावर कुलूप. गेली कित्येक वर्षे नळाला रोज पाणी न येणाऱ्या या भागात घर बांधताना दाराजवळ, खालच्या पातळीवर, पायऱ्यांच्या पोटात पाणी साठवायची जागा मुद्दाम ठेवावी. झाकण लावता येईल अशी, आणि वर बसता येईल अशी. मग पिंप दारात उभा करून त्याच्याकडे पाठ फिरवून राहावे लागत नाही.

दारातली पाटी

शेवटी पाटीविषयी. घराबाहेर नाव कुणाचे? बहुतेक पाट्यांवर पुरुषाचे नाव असते आणि त्याच्या पदव्या असतात. घर बाईच्या बचतीतूनही उभे राहते. तिचेही नाव असावे. नाव मराठीत लिहिले तर उत्तम. आमच्या गल्लीत उर्दू आणि मराठी अशा दोन लिप्यांतल्या पाट्या आहेत. पोस्टमन दोन्ही वाचतो, एकीवरून घर शोधतो आणि दुसरीकडे पाहून हसतो.

पाटी वाचून जो आत येतो, त्याच्यासाठी खालच्या टप्प्यावर बसायची एक जागा ठेवा, एवढेच सांगायचे आहे. सिलिंडर आणणारा, औषधे पोहोचवणारे पोरगे, मीटर पाहायला आलेली बाई, ओळख नसलेला पाहुणा, यांपैकी कुणालाच दाराबाहेर उन्हात उभे राहावे लागू नये, आणि आपल्यालाही त्यांना एकदम घरात घ्यायचा संकोच वाटू नये. जुन्या ढाळजेतल्या ओट्याचे हे काम दोन फुटांचा बाकही करू शकतो. बाक सगळ्यांसाठी एकच असावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. तेव्हा त्या बाकाशेजारी सावलीत एक माठ ठेवावा, त्यावर झाकणी, आणि एकच पेला, घरातल्या माणसांनीही त्यातूनच प्यावे असा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)